तीनचाकी ई-रिक्षाचा मागील आस : रचना, बिघाड आणि दुरुस्ती

ग्वाल्हेर शहरातील फूलबाग हे नाव मराठी वाचकास अपरिचित नाही. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या रणभूमीवर धारातीर्थी पडलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी याच परिसरात आहे. शिंद्यांच्या कारकिर्दीत विकसित झालेल्या या उद्यानात मंदिर, मशीद व गुरुद्वारा ही एकमेकांच्या सान्निध्यात उभी आहेत. फूलबागेच्या एका बाजूस रेल्वे स्थानक व दुसऱ्या बाजूस लष्करची बाजारपेठ असल्यामुळे तेथील चौकात दिवसभर प्रवाशांची वर्दळ असते. ही वर्दळ वाहून नेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर तीनचाकी वाहने करतात. पूर्वी उत्तर भारतातील अनेक शहरांतून लखनौच्या स्कूटर्स इंडिया या सरकारी कारखान्यातील ‘विक्रम’ हे तीनचाकी वाहन धावत असे. तो कारखाना १९७२ साली स्थापन झाला व २०२१ मध्ये बंद करण्यात आला. आता विजेवर चालणाऱ्या ई-रिक्षांची संख्या ठिकठिकाणी वाढलेली दिसते.

ई-रिक्षा हे बांधणीने साधे वाहन आहे. त्यात इंजिन नाही, क्लच नाही व गिअर बदलण्याची यातायातही नाही. परंतु या साधेपणामुळे एक गैरसमज रूढ झाला आहे. बॅटरीची काळजी घेतली म्हणजे गाडीची काळजी घेतली, असे पुष्कळ चालक समजतात. वस्तुतः गाडीचा व उतारूंचा बहुतेक भार ज्या अवयवावर पडतो तो मागील आस दृष्टीआड राहतो आणि तो एकाएकी तुटला म्हणजेच त्याची आठवण होते. त्या दिवशी चालकाची मजुरी बुडते. याहून गंभीर गोष्ट अशी की, चाक निखळल्यास उतारूंच्या जिवावर बेतते. या आसाची रचना, तो तुटण्याची कारणे व त्याच्या दुरुस्तीची योग्य पद्धत यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बैलगाडीचा आस व ई-रिक्षाचा आस

बैलगाडीचा आस ग्रामीण वाचकांच्या परिचयाचा आहे. तो गाडीच्या साट्याखाली घट्ट बसविलेला असतो आणि स्वतः फिरत नाही. त्याच्या टोकांवर चाकांचे तुंबे फिरतात. प्रत्येक चाक स्वतंत्र असल्यामुळे वळण घेताना आतले चाक कमी व बाहेरचे चाक अधिक फिरते आणि कसलाही अडथळा येत नाही. चाकांना फिरविण्याचे काम आसाकडे नसते. गाडी बैल ओढतात व चाके नुसती मागून येतात.

ई-रिक्षात ओढणारे बैल नाहीत. मागील चाकेच गाडीला पुढे ढकलतात. म्हणून येथे आसाला दोन कामे करावी लागतात. भार पेलणे हे पहिले व चाके फिरविणे हे दुसरे. या दोन कामांसाठी आसाचे दोन भाग केलेले असतात. बाहेरची पोलादी नळी, जिला कारागीर ‘हाउसिंग’ म्हणतात, ती पाट्यांना यू-बोल्टांनी आवळलेली असून स्थिर राहते. नळीच्या आत डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन पोलादी दांडे फिरतात. त्यांस ‘हाफ शाफ्ट’ म्हणतात. प्रत्येक हाफ शाफ्टाच्या आतल्या टोकास उभे दाते कापलेले असतात व बाहेरच्या टोकास ब्रेकचा ड्रम आणि चाक बसते. बाहेरच्या टोकाजवळ एक बेअरिंग असते. नळीतील तेल ब्रेकवर येऊ नये म्हणून त्यापाशी रबरी ऑइल सील बसविलेले असते.

मोटार ही आसाच्या मध्यभागी असलेल्या दंतचक्रांच्या पेटीस जोडलेली असते. मोटार वेगाने फिरते, परंतु चाकाला इतका वेग नको असतो. त्याला जोर हवा असतो. पेटीतील दंतचक्रे वेग कमी करून त्या प्रमाणात जोर वाढवितात. एक उदाहरण घेऊ. चाकाचा परीघ सुमारे दीड मीटर व वेग ताशी २५ किलोमीटर असेल, तर चाक मिनिटाला सुमारे २७८ फेरे घेते. दंतचक्रांचे प्रमाण दहास एक असल्यास त्याच वेळी मोटार सुमारे २,७८० फेरे घेत असते.

वळणावरील अडचण

दोन्ही चाके एकाच अखंड दांड्याला घट्ट जोडली तर काय होईल ? सरळ रस्त्यावर काहीच अडचण येणार नाही. परंतु चौकात गाडी पूर्णपणे उलट दिशेस वळविताना दोन्ही चाके एकाच केंद्राभोवती अर्धवर्तुळ आखतात. चाकांमधील अंतर ८५ सेंटिमीटर धरले, तर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा सुमारे २ मीटर ६७ सेंटिमीटर अधिक अंतर कापावे लागते. गाडी कितीही मोठ्या घेराने वळविली तरी हा फरक तेवढाच राहतो. दांडा अखंड असल्यास एक चाक फरफटेल, टायर झिजेल व दांड्याला पीळ पडेल.

ही अडचण दूर करण्यासाठी पेटीमध्ये ‘डिफरन्शियल’ नावाची दंतचक्रांची जुळणी असते. ती मोटारीचा जोर दोन्ही हाफ शाफ्टांना सारखा वाटून देते. मात्र वळणावर एका चाकास कमी व दुसऱ्यास अधिक फिरू देते. याच गुणाचा एक परिणाम ध्यानात ठेवला पाहिजे. एका बाजूचा हाफ शाफ्ट तुटला तर मोटारीची सर्व गती त्या मोकळ्या बाजूस निघून जाते. दुसरी बाजू शाबूत असूनही गाडी हलत नाही. मोटार फिरते आहे, पण गाडी जागची हलत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आस का तुटतो ?

लोखंडी तार एकदा वाकविली तर तुटत नाही. मात्र ती त्याच जागी पुनःपुन्हा इकडे-तिकडे वाकविल्यास थोड्याच वेळात तुटते. हाफ शाफ्टाचे नेमके असेच होते. चाकाचा भार बेअरिंगच्या बाहेरील टोकावर येत असल्यामुळे दांडा किंचित वाकतो. दांडा फिरत असल्यामुळे आता जी बाजू वर आहे ती अर्ध्या फेऱ्यानंतर खाली येते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यास तो एकदा इकडे व एकदा तिकडे वाकतो. दीड मीटर परिघाचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ६६७ फेरे घेते. रोज ६० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हे फेरे ४०,००० होतात व महिन्याचे २५ दिवस धरल्यास दहा लाख होतात. योग्य भाराखाली चांगले पोलाद हे सहन करते. भार मर्यादेबाहेर गेला, अथवा दांड्यावर चर किंवा ओरखडा पडला, की तेथे केसासारखी बारीक तडा जाते व दर फेऱ्यागणिक ती आत शिरत जाते.

भाराची मर्यादा कायद्यानेच सांगितली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ई-रिक्षाचा समावेश झाला व २०१५ मध्ये मोटार वाहन अधिनियमात त्यासाठी दुरुस्ती करण्यात आली. त्या नियमांनुसार ई-रिक्षात चालकाखेरीज चार उतारू व ४० किलोग्रॅम सामान नेता येते आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत मर्यादित असतो. माणशी ६० किलोग्रॅम धरल्यास चालकासह हा भार ३४० किलोग्रॅम होतो. चारांऐवजी सहा उतारू बसविले की त्यात १२० किलोग्रॅमची, म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांहून अधिक वजनाची भर पडते. बॅटऱ्या पुष्कळ गाड्यांत मागील आसनाखालीच असतात. त्यामुळे हा वाढीव भारही मुख्यतः ज्या आसावर आधीच ओझे आहे त्यावरच येतो. एकाएकी पडलेला भार हा स्थिर भाराच्या दुप्पट ताण निर्माण करू शकतो, हे यंत्रशास्त्रातील तत्त्व लक्षात घेतल्यास भरलेली गाडी वेगाने खड्ड्यात घालणे किती घातक आहे, हे सहज समजेल.

चढावाचा परिणामही असाच विचारात घ्यावा लागतो. भारासह ७०० किलोग्रॅम वजनाच्या गाडीस सपाट पक्क्या रस्त्यावर पुढे ढकलण्यास सुमारे १४ किलोग्रॅम जोर पुरतो असे मानू. दहास एक अशा चढावर आणखी ७० किलोग्रॅम जोर लागतो. म्हणजे हाफ शाफ्टावरील पीळ सहापट होतो. महाराष्ट्रात माथेरान येथे माणसाने ओढावयाच्या हातरिक्षांना पर्याय म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. अशा डोंगराळ ठिकाणी आसाच्या तपासणीस विशेष महत्त्व आहे, ते याच कारणाने.

बिघाडाची पूर्वचिन्हे

आस क्वचितच पूर्वसूचनेवाचून तुटतो. पुढील चिन्हे चालकाने ओळखावयास शिकावे.

(१) वेगाबरोबर वाढत जाणारा रडका आवाज : पेटीतील तेल कमी झाले आहे अथवा दंतचक्रे झिजली आहेत.

(२) घरघर, जी वळण घेताना कमी-जास्त होते : चाकाचे बेअरिंग खराब झाले आहे.

(३) गाडी सुरू करताना किंवा मागे घेताना ‘खट्’ असा आवाज : हाफ शाफ्टाचे दाते झिजले आहेत किंवा यू-बोल्ट सैल झाले आहेत.

(४) ड्रमजवळ तेलाचे ओघळ व एका बाजूचा ब्रेक न लागणे : ऑइल सील निकामी झाले आहे.

(५) चाक डगमगणे : बेअरिंग सैल आहे, नट ढिला आहे किंवा दांडा वाकला आहे.

(६) एकाच बाजूचे टायर लवकर झिजणे : हाउसिंग वाकले आहे किंवा पाट्याचा मधला बोल्ट तुटून आस जागेवरून सरकला आहे.

चौथ्या व पाचव्या चिन्हानंतर उतारू घेऊन गाडी चालविणे सर्वथा अनुचित होय. हाफ शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकाबरोबर ड्रमही निघून जातो व त्या बाजूचा ब्रेक नाहीसा होतो.

दुरुस्तीपूर्वीची दक्षता

गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करावी. किल्ली काढून मुख्य स्विच बंद करावा व बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. बॅटरीचा दाब कमी असला तरी तिच्या दोन टोकांत पाना अडकल्यास फार मोठा प्रवाह वाहतो व भाजण्याचा धोका असतो. म्हणून हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असल्यामुळे जवळ विडी अथवा ज्योत नसावी. पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी उटी लावावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर ती केवळ जॅकवर ठेवू नये. सांगाड्याखाली मजबूत घोड्या द्याव्यात. विटांच्या चवडीवर भिस्त ठेवून गाडीखाली शिरणे हे जिवाशी खेळणे आहे.

दुरुस्तीचा क्रम

आस उघडण्यापूर्वी एक सोपी परीक्षा करावी. दोन्ही मागील चाके अधांतरी असताना एक चाक हाताने फिरवावे. सर्व ठीक असल्यास दुसरे चाक उलट दिशेने फिरते. ते न फिरल्यास एखादा हाफ शाफ्ट तुटला आहे, त्याचे दाते झिजून सुटले आहेत किंवा पेटीतील दंतचक्रे मोडली आहेत, असे समजावे. त्यानंतर काम पुढील क्रमाने करावे. गाडीच्या उत्पादकाप्रमाणे तपशिलात थोडा फरक असतो, तो त्याच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावा.

पेटीखालील बूच काढून तेल स्वच्छ भांड्यात घ्यावे व बोटांत चोळून पाहावे. त्यात लोखंडाचा कीस किंवा दात्यांचे तुकडे आढळल्यास केवळ हाफ शाफ्ट बदलून भागणार नाही. पेटी उघडावीच लागेल. तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे जाणावे. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यांवरून गाडी नेल्यावर असे होते.

यानंतर चाक काढावे. दांड्याच्या टोकावरील दुभंगी खीळ काढून नट सोडवावा व ड्रम ओढणीने काढावा. हातोड्याचे घाव घालू नयेत, कारण त्यांनी आटे व बेअरिंग दोन्ही बिघडतात. ब्रेकची मागील तबकडी सोडवून हाफ शाफ्ट सरळ बाहेर ओढावा. आतला तुकडा अडकला असल्यास दुसऱ्या बाजूचा दांडा काढून लांब सळईने तो हलकेच ढकलावा किंवा लोहचुंबकाने ओढावा. एकही तुकडा आत राहता कामा नये.

आता तुटलेला भाग फेकून न देता नीट पाहावा, कारण बिघाडाचे कारण त्यावरच उमटलेले असते. तुटलेल्या पृष्ठाचा एक भाग गुळगुळीत असून त्यावर शिंपल्यासारख्या रेषा असतील व उरलेला भाग खरबरीत असेल, तर तडा फार दिवसांपासून वाढत होती. अशा वेळी नेहमीचा जादा भार, सैल बेअरिंग किंवा दांड्यावरील चर यांपैकी कारण शोधावे. दाते पिळवटलेले असतील तर एखाद्या प्रसंगी एकदम फार मोठा जोर पडला होता. पृष्ठ निळसर झाले असेल तर वंगणाअभावी दांडा तापला होता. कारण न शोधता नवा दांडा घातल्यास तोही त्याच वाटेने जाईल.

नवा हाफ शाफ्ट घेताना जुना बरोबर न्यावा. दात्यांची संख्या, जाडी व लांबी ताडून पाहावी. पेटी मध्यभागापासून एका बाजूस असल्यास डाव्या व उजव्या दांड्यांची लांबी वेगवेगळी असते. मोठा दांडा लेथवर घासून बारीक करण्याचा मोह टाळावा. दांड्याची पीळ सहन करण्याची शक्ती त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास दहा टक्क्यांनी घटला तर शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते.

दांड्याबरोबर ऑइल सील नवेच घालावे व बेअरिंग धुऊन, फिरवून पाहावे. त्यात खडबड जाणवल्यास तेही बदलावे. बेअरिंग दांड्यावर चढविताना आतल्या कड्यावरच दाब द्यावा. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूस ठेवून तिला थोडे तेल लावावे. दांडा आत सरकविताना दात्यांनी ही कड कापली जाणार नाही, अशी काळजी घ्यावी. नट योग्य ताणाने आवळून नवी दुभंगी खीळ घालावी. जुनी खीळ सरळ करून पुन्हा वापरू नये.

तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच घ्यावे व भरणीच्या छिद्रापर्यंत भरावे, अधिक नको. पेटीवरील हवेचे छिद्र साफ करावे. ते धुळीने बुजले तर पेटी तापल्यावर आतील हवेचा दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर पडते. पुष्कळदा सील वारंवार बदलूनही गळती थांबत नाही, तिचे कारण हे लहानसे छिद्र असते. शेवटी यू-बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत, ब्रेक जुळवावा व गाडी प्रथम रिकामी चालवून पाहावी. काही दिवसांनी सर्व नट पुन्हा तपासावेत.

वेल्डिंगविषयी इशारा

दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून तुटलेला हाफ शाफ्ट वेल्डिंगने जोडून घेण्याकडे कित्येकांचा कल असतो. गाडी भाड्याने घेतलेल्या चालकाची अडचण समजण्यासारखी आहे, पण हा उपाय धोक्याचा आहे. दांड्याच्या पोलादाला तापवून व थंड करून विशिष्ट कणखरपणा दिलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचा भाग कोठे ठिसूळ तर कोठे मऊ होतो. सांधा वरून भक्कम दिसतो, परंतु त्याच्या शेजारीच तो तुटतो व तोही बहुधा भरल्या गाडीत, खड्ड्यात किंवा चढावर. त्या वेळी गाडीत शाळेची मुलेही असू शकतात. हाउसिंगला तडा गेली असली तरी ती जागच्या जागी सांधल्यास नळी वाकडी होण्याचा संभव असतो. शिवाय बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केल्यास मोटारीचे नियंत्रक यंत्र जळू शकते.

चालक, शिक्षक व अधिकारी यांचे कर्तव्य

चालकाने दररोज सकाळी चाके हाताने हलवून पाहावीत व ड्रमच्या आतील बाजूस तेल दिसते काय ते पाहावे. आठवड्यातून एकदा यू-बोल्ट व महिन्यातून एकदा तेलाची पातळी तपासावी. या कामास पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांनी एक जुना आस उघडून मांडून ठेवल्यास डिफरन्शियलचे कार्य विद्यार्थ्यांस एका तासात समजेल. माध्यमिक शाळांतील शिक्षकांना वर्तुळाचा परीघ, वेग व भार यांची उदाहरणे येथून घेता येतील. वाहनांची योग्यता तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी दिवे व कागदपत्रे यांबरोबरच मागील चाकांची हालचाल, तेलाची गळती व आसावरील वेल्डिंगच्या खुणा यांकडेही लक्ष द्यावे.

फूलबागेच्या चौकात असो वा महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी, तीनचाकी गाडी हे एका कुटुंबाचे चरितार्थाचे साधन असते व कित्येक कुटुंबांतील माणसांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून असते. बैलगाडीला वंगण घातल्याशिवाय बाजाराला न निघण्याची शिस्त जुन्या शेतकऱ्याला होती. तीच शिस्त या नव्या वाहनाच्या बाबतीत बाणली, तर आस तुटण्याचे बहुतेक प्रसंग टळतील आणि दुरुस्तीचा खर्चही वाचेल.

अभ्यासासाठी प्रश्न

(१) बैलगाडीच्या आसास डिफरन्शियलची आवश्यकता का नसते ?

(२) एक हाफ शाफ्ट तुटल्यावर दुसरा शाबूत असूनही ई-रिक्षा का चालत नाही ?

(३) चाकाचा परीघ १.५ मीटर असलेली गाडी रोज ४५ किलोमीटर धावते. हाफ शाफ्ट २० दिवसांत किती फेरे घेईल ?

(४) तुटलेल्या पृष्ठावरील शिंपल्यासारख्या रेषा कोणती गोष्ट दर्शवितात ?

(५) आपल्या गावातील एखाद्या तीनचाकी गाडीचे मालकाच्या संमतीने निरीक्षण करून वरील सहा पूर्वचिन्हांपैकी कोणती आढळतात, त्याची नोंद करा.